श्रम की प्रयोग? : दक्षिण थायलंडमधील माकडशाळांच्या पर्यटनाची एक समीक्षा

प्रस्तावना

पर्यटनस्थळांची समीक्षा ही मराठीत फारशी रुळलेली गोष्ट नाही. प्रवासवर्णनाची परंपरा आपल्याकडे समृद्ध आहे. परंतु तिचा भर प्रवाशाच्या अनुभवावर राहिला. स्थळ स्वतः काय सांगते, कोणत्या क्रमाने सांगते आणि काय सांगावयाचे टाळते, हा प्रश्न मागे पडला. नाट्यप्रयोगाची समीक्षा करताना संहिता, मांडणी, पात्र आणि प्रेक्षक यांचा विचार होतो. पर्यटकांसाठी रचलेल्या प्रदर्शनालाही हीच कसोटी लावता येते, किंबहुना लावली पाहिजे. कारण नाटकाचा प्रेक्षक नाटक पाहून उठतो, तर पर्यटक मात्र वास्तव पाहिल्याच्या समजुतीने परततो.

प्रस्तुत लेखात दक्षिण थायलंडमधील माकडशाळांचा या दृष्टीने विचार केला आहे. माडावरून नारळ उतरवण्याचे काम माकडांना शिकवणारी ही केंद्रे गेल्या काही दशकांत पर्यटकांचे आकर्षण ठरली. तेथे दाखवले जाते ते माकडांचे 'काम'. दाखवण्यासाठी केलेले काम हे काम उरते काय, आणि त्या दाखवण्यामागे खरे काम दडते काय, हे दोन प्रश्न या लेखाच्या केंद्रस्थानी आहेत.

१. पार्श्वभूमी : माड, माकड आणि माणूस

थायलंडच्या दक्षिणेकडील सुरत थानी प्रांत आणि त्यातील को समुई हे बेट नारळासाठी प्रसिद्ध आहे. या प्रांताच्या नावाशी भारतीय वाचकाचे नाते अनपेक्षितपणे जुळते. सयामचा राजा वजिरावुध याने १९१५ मध्ये तेथील शहराला गुजरातमधील सुरतेवरून हे नाव दिले आणि तेथील नदीला तापी म्हटले. खानदेशातून वाहत जाणाऱ्या तापीचे नाव असे दूरच्या माडांच्या प्रदेशात पोहोचले.

या प्रदेशात नारळ उतरवण्यासाठी ज्या माकडाचा उपयोग होतो ते आखूड, डुकरासारख्या शेपटीचे मकाक जातीचे माकड होय. थाई भाषेत त्याला 'लिंग कांग' आणि मलय भाषेत 'बेरोक' म्हणतात. ते मुळात कळपाने राहणारे रानातले माकड आहे. नर मादीच्या जवळजवळ दुप्पट वजनाचा असतो आणि त्याचे हात बळकट असतात. म्हणून कामासाठी प्रामुख्याने नरच निवडले जातात. तयार नारळ दोन्ही हातांनी, कधी पायांनीही, गरगर फिरवून त्याचा देठ पिळवटून तोडायचा, हे त्याच्या कामाचे मूळ तंत्र. शिकवण्याची सुरुवात जमिनीवर होते. मग बुटके झाड येते आणि अखेरीस उंच माड. या शिक्षणाला काही महिने लागतात.

ही प्रथा पर्यटनातून जन्मली नाही, हे स्पष्टपणे नोंदवले पाहिजे. रॉबर्ट शेलफर्ड यांच्या १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या बोर्निओविषयक ग्रंथात नारळ उतरवणाऱ्या बेरोकचा उल्लेख आहे. सिंगापूरच्या वनस्पती उद्यानातील अधिकारी ई. जे. एच. कॉर्नर यांनी १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात उंच वृक्षांवरील फुले, फळे व पाने यांचे नमुने खाली आणण्यासाठी अशीच माकडे बाळगली. त्या अनुभवावर त्यांनी १९९२ मध्ये एक पुस्तकही प्रसिद्ध केले. शेतकऱ्याच्या हातातील साधन शास्त्रज्ञाच्या हाती गेले तरी माकड माकडच राहिले. अशाच एका माकडाने कॉर्नर यांच्या हाताला कडाडून चावा घेतला होता. माकडशाळांच्या प्रयोगात अशा चाव्याला स्थान नसते, ही बाब पुढील विवेचनाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखी आहे.

२. 'शाळा' या रूपकाचे कार्य

सुरत थानीतील सोमपोर्न सेखाव हे या क्षेत्रातील सर्वाधिक गाजलेले नाव. त्यांच्या शाळेचा इतिहास १९५७ पासून सांगितला जातो. मारहाण न करता, संयमाने आणि प्राण्याचा विश्वास संपादन करून शिकवावे, असा त्यांचा आग्रह होता व त्यामागे बौद्ध विचारांची प्रेरणा होती, असे त्यांच्याविषयी लिहिले गेले आहे. २००२ मध्ये त्यांचे निधन झाले. सेखाव यांची पद्धत त्या काळातील दंडुकेशाहीला दिलेले उत्तर होते, हे मान्य करावयास हवे. तथापि त्यांच्यानंतर पर्यटनाने जे उचलले ते पद्धतीपेक्षा नाव अधिक होते.

मराठी भाषेच्या भांडारात माकड हे शिस्तीच्या अभावाचे प्रतीक आहे. माकडचेष्टा, मर्कटलीला, माकडाच्या हाती कोलीत अशा शब्दांतून व म्हणींतून हा प्राणी कामाचा नव्हे, तर कामाचा विचका करणारा म्हणूनच येतो. सेतू बांधणारी वानरसेना हा अपवाद. पण ते वानर स्वेच्छेने आले होते आणि नल-नीलांची नावे कथेने जपली आहेत. 'माकडांची शाळा' हा शब्दप्रयोग पर्यटकाला खेचून घेतो तो या सांस्कृतिक अपेक्षेला धक्का देऊनच. काही ठिकाणी तर 'महाविद्यालय' असाही शब्द वापरला जातो. माकडे 'विद्यार्थी' होतात, शिकवणारा 'गुरुजी' होतो आणि नारळ उतरवू लागलेले माकड 'पदवीधर' ठरते.

हे रूपक गमतीचे वाटते, परंतु ते निरागस नाही. विद्यार्थी शाळेत येतो तेव्हा त्याला घर असते आणि शिक्षण संपल्यावर तो स्वतःचा म्हणून बाहेर पडतो. येथे येणारे पिल्लू बहुधा रानातून, आईपासून तोडून आणलेले असते, कारण या माकडांची गाई-म्हशींसारखी पिढ्यान्‌पिढ्या पाळीव पैदास झालेली नाही. शिक्षण संपल्यावर ते परत जाते ते मालकाकडे. या शाळेत शुल्क भरणारा एक, शिकणारा दुसरा आणि शिक्षणाचा लाभ पुन्हा पहिल्यालाच, अशी रचना आहे. शाळा हा शब्द मालकीचा व्यवहार संस्काराच्या भाषेत नेतो. शिक्षणक्षेत्रात वावरणाऱ्या वाचकाने या ठिकाणी क्षणभर थांबावे; आपल्या व्यवसायातील सर्वांत प्रतिष्ठित शब्द येथे एका साखळीवरचे आवरण झाला आहे.

३. प्रयोगाची बांधणी

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डीन मॅकॅनेल यांनी 'द टूरिस्ट' (१९७६) या ग्रंथात पर्यटक दुसऱ्यांचे काम पाहावयास का जातो, याचा मूलगामी विचार केला आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी पॅरिसला येणारे प्रवासी कत्तलखाना, टांकसाळ, तंबाखूचा कारखाना, एवढेच नव्हे तर भुयारी गटारेही पाहत असत, याची त्यांनी सविस्तर नोंद घेतली. आधुनिक माणूस स्वतःच्या कामापासून जितका दुरावतो तितके दुसऱ्याचे काम त्याला प्रेक्षणीय वाटू लागते. या प्रकाराला येथे 'श्रमप्रदर्शन' म्हणता येईल. मॅकॅनेल यांची दुसरी मांडणी 'रचलेल्या अस्सलतेची' आहे : पर्यटकाला पडद्यामागचे पाहायचे असते म्हणून त्याच्यासाठी खास पडद्यामागचा भाग तयार केला जातो.

माकडशाळेचा प्रयोग या दोन्ही कल्पनांचे ठळक उदाहरण ठरतो. त्याची सर्वसाधारण बांधणी अशी असते : प्रथम जमिनीवर किंवा चौकटीत लटकवलेला नारळ फिरवून दाखवणे, मग दोरी बांधलेल्या माकडाने झाडावर चढून दोन-चार नारळ टाकणे आणि त्यानंतर मनोरंजनाचा भाग. त्यात सायकल चालवणे, चेंडू जाळीत टाकणे, प्रेक्षकाच्या खांद्यावर बसून छायाचित्र काढू देणे अशा गोष्टी येतात. पहिला भाग शेतीतला, तिसरा सर्कशीतला. पहिल्या भागामुळे तिसऱ्याला प्रतिष्ठा मिळते, कारण हे 'नुसते खेळ नव्हेत, येथील लोकजीवन आहे' असे म्हणता येते. उलट तिसऱ्यामुळे पहिला हलका होतो आणि काम हाही एक खेळच वाटू लागतो.

बागेत काम करणारे माकड दिवसभरात एका माडावरून दुसऱ्या माडावर जात राहते. त्यात पुनरावृत्ती असते, थकवा असतो, नकार असतो, मुंग्यांचे व गांधीलमाशांचे चावे असतात. प्रयोगात यातील काहीच नाही. प्रयोग श्रमाची कृती दाखवतो, श्रमाचा काळ दाखवत नाही. वस्तुतः श्रमाला श्रमत्व येते ते काळामुळे. एकदा फिरवलेला नारळ हे कौशल्य आहे. पाचशे वेळा फिरवलेला नारळ हे काम आहे. पर्यटक कौशल्य पाहतो आणि काम पाहिल्याचे समाधान घेऊन जातो.

यासंदर्भात जॉन बर्जर यांचा 'व्हाय लुक ॲट ॲनिमल्स?' हा निबंध आठवतो. माणसाच्या रोजच्या जगण्यातून प्राणी नाहीसे झाले आणि मग ते केवळ पाहण्याची वस्तू म्हणून परत आले, अशी त्यांची मांडणी आहे. माकडशाळा मात्र या मांडणीला थोडी मुरड घालावयास लावते. येथे प्राणी मानवी जगण्यातून गेलेला नाही. तो बागेत राबतोच आहे, आणि त्याच वेळी पाहण्याची वस्तूही झाला आहे. या दोन अवस्थांतील अंतर कोणालाच दिसत नाही, ही येथील खरी अडचण होय.

४. एका आकड्याची कथा

या विषयावरील लेखनात एक आकडा सातत्याने भेटतो : तरबेज माकड दिवसाला हजारापर्यंत नारळ उतरवते, माणूस मात्र ऐंशीच्या आसपास. पर्यटकांसाठीच्या मजकुरात तो कौतुकासाठी येतो. प्राणिहक्कांच्या प्रचारसाहित्यात तोच आकडा पिळवणुकीचा पुरावा म्हणून येतो. दोन विरोधी बाजूंनी एकच आकडा इतक्या सहजतेने वापरावा, हे समीक्षकाला सावध करणारे आहे.

नारळाच्या प्रदेशातील वाचकाला हा आकडा पचणे कठीण जाईल. कोकण-गोव्यातील सरावलेला पाडेली एका दिवसात वीस-पंचवीस माडांवर चढू शकतो. प्रत्येक माडावरून सहा-सात तयार नारळ धरले तरी त्याचा दिवस ऐंशीच्या पलीकडे जातो. मग ऐंशी हा आकडा कोणत्या माणसाचा, कोणत्या उंचीच्या झाडाचा, कोणत्या हंगामाचा? हे कोठेही सांगितलेले नसते. आकड्याचा परिणाम मात्र निश्चित होतो : माणसाचे कौशल्य क्षुल्लक ठरते आणि माकडाचे काम अपरिहार्य. प्रयोगातील सूत्रधाराला हेच हवे असते. टीकाकारांनीही तो न तपासता स्वीकारला आणि नकळत प्रयोगाची संहिताच पुढे चालवली.

मानवी हातांना पर्याय नाही, हे गृहीत धरणेही योग्य नव्हे. खुद्द थायलंडमध्ये बुटक्या जातींच्या माडांवरील शहाळी माणसेच उतरवतात. भारतात माडावर चढणाऱ्यांची टंचाई जाणवू लागली तेव्हा नारळ विकास मंडळाने २०११ मध्ये केरळात तरुण-तरुणींना यंत्राच्या साहाय्याने माडावर चढण्याचे प्रशिक्षण देणारी योजना सुरू केली. या योजनेने सर्व प्रश्न सुटले असे नाही. परंतु उंच माड आणि कमी होत चाललेले गडी या समान अडचणीला दोन समाजांनी भिन्न उत्तरे दिली, एवढे त्यावरून निश्चित दिसते.

५. २०२० चा वाद : प्रदर्शनाचे रूपांतर बचावात

जुलै २०२० मध्ये पेटा आशिया या संस्थेने थायलंडमधील बागा व माकडशाळांच्या पाहणीचा वृत्तांत प्रसिद्ध केला. साखळीने बांधलेली माकडे, अरुंद पिंजरे, एकाच जागी घातलेल्या येरझाऱ्या आणि चावू नये म्हणून काढून टाकलेले सुळे असे चित्र त्यात होते. ब्रिटनमधील वेट्रोज, ओकाडो, को-ऑप, बूट्स आदी विक्रेत्यांनी माकडांच्या श्रमाशी संबंधित उत्पादने न विकण्याची भूमिका घेतली. पुढे अमेरिकेतील मोठ्या विक्रेत्यांपर्यंत हे लोण पोहोचले.

थायलंडचे तत्कालीन वाणिज्यमंत्री जुरिन लक्सनाविसित यांनी दिलेले उत्तर या लेखाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे. उद्योगासाठी माकडांकडून नारळ काढून घेण्याची पद्धत आता जवळजवळ उरलेली नाही, चित्रफितींत दिसणारी माकडे ही पर्यटनाचा व लोकजीवनाच्या चित्रणाचा भाग आहेत, अशा आशयाची त्यांची भूमिका होती.

येथे एक विलक्षण उलटापालट घडते. दशकानुदशके माकडशाळेने पर्यटकाला सांगितले, 'हे प्रदर्शन नव्हे, हे खरे काम आहे.' बाजारपेठ धोक्यात येताच जगाला सांगितले गेले, 'हे खरे काम नव्हे, हे प्रदर्शन आहे.' प्रयोग तोच, माकड तेच, दोरीही तीच. आधी श्रमाने प्रयोगाला अस्सलता पुरवली. आता प्रयोगाने श्रमाला अदृश्यता पुरवली. श्रमप्रदर्शनाचे हे दुसरे कार्य मॅकॅनेल यांच्या विवेचनात फारसे येत नाही आणि माकडशाळेच्या उदाहरणाने त्यांच्या मांडणीत ही भर पडते.

बहिष्काराच्या बाजूचीही चिकित्सा करणे न्यायाचे ठरेल. तिने माकडाच्या वेदनेकडे जगाचे लक्ष वेधले, हे तिचे श्रेय निर्विवाद आहे. परंतु तिच्या चित्रात माकडाच्या शेजारी उभा असलेला माणूस केवळ क्रूर मालक म्हणून येतो. लेस्ली स्पॉन्सेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० च्या दशकाच्या आरंभी दक्षिण थायलंडमधील या प्रथेचा आर्थिक, सांस्कृतिक आणि पर्यावरणीय अशा तिन्ही अंगांनी अभ्यास केला. एक-दोन माकडे बाळगून दुसऱ्यांच्या बागेतील नारळ उतरवून देणारी कुटुंबे हा या प्रथेचा मोठा भाग आहे. नारळाच्या दुधाच्या डब्यावर ज्या कंपनीचे नाव असते तिचे आणि अशा कुटुंबाचे सामर्थ्य एका मापाने मोजता येत नाही. तरीही मालकाचे दारिद्र्य हे माकडाच्या सुळ्यांचे उत्तर होऊ शकत नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे म्हटले पाहिजे. दोन्ही विधाने एकाच वेळी सत्य आहेत, आणि प्रयोग व प्रचार या दोहोंनाही ती एकत्र मांडता आली नाहीत.

थायलंडमध्ये कायदा नाही असेही नव्हे. प्राण्यांवरील क्रूरता रोखणारा कायदा तेथे २०१४ मध्ये झाला आणि वन्यजीव संरक्षणाचा कायदा २०१९ मध्ये नव्याने करण्यात आला. प्रश्न आहे तो बागेच्या टोकापर्यंत तो पोहोचण्याचा. दरम्यान या माकडाची रानातील स्थिती बिकट झाली असून दक्षिणेकडील जातीची गणना आंतरराष्ट्रीय यादीत संकटग्रस्त म्हणून होते. रानातून आणलेले प्रत्येक पिल्लू हा आता केवळ एका प्राण्याचा प्रश्न राहिलेला नाही.

६. भारतीय संदर्भ : मदाऱ्याची रिकामी जागा

या चर्चेतून भारतीय वाचकाला तटस्थ राहता येत नाही. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० च्या कलम २२ अन्वये १४ ऑक्टोबर १९९८ रोजी केंद्र सरकारने अधिसूचना काढली आणि अस्वल, माकड, वाघ, बिबट्या व सिंह यांचे खेळ करण्यास आणि त्यासाठी त्यांना शिकवण्यास मनाई केली. सर्कसचालकांनी तिला आव्हान दिले. व्यवसायस्वातंत्र्याचा त्यांचा मुद्दा केरळ उच्च न्यायालयाने २००० मध्ये फेटाळला आणि एन. आर. नायर विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात १ मे २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला.

या निर्णयाने प्राण्यांच्या प्रतिष्ठेचा विचार भारतीय न्यायव्यवस्थेत ठामपणे आणला. मात्र अधिसूचना प्राण्यांची यादी देऊन थांबते. त्या प्राण्यावर पोट असलेल्या माणसाविषयी ती काही बोलत नाही. सर्कसचा मालक न्यायालयात जाऊ शकला. गावोगाव डमरू वाजवत फिरणारा मदारी, महाराष्ट्रातील माकडवाल्यांची भटकी कुटुंबे यांची बाजू मांडायला तेथे कोणी नव्हते. माकड सुटले ते योग्यच झाले. पण दोरीचे दुसरे टोक ज्याच्या हातात होते त्याच्या हाती दुसरे काय दिले, हा प्रश्न अनुत्तरित राहिला.

दोन्ही देशांची तुलना येथे उद्बोधक ठरते. भारतीय कायद्याने प्रदर्शनावर बोट ठेवले. थायलंडविरोधी बहिष्काराने श्रमावर बोट ठेवले. प्रत्यक्षात ही एकाच दोरीची दोन टोके आहेत. प्रदर्शन थांबवून श्रम चालू राहू शकतो, श्रम नाकारून प्रदर्शन चालू राहू शकते आणि दोन्ही थांबूनही माणूस उपाशी राहू शकतो.

समारोप

माकडशाळेच्या या विवेचनातून तीन गोष्टी हाती लागतात. एक, श्रमप्रदर्शन खोटे दाखवत नाही. ते निवडून दाखवते, आणि त्याची निवड नेहमी काळाला, थकव्याला व नकाराला वगळते. दोन, शाळा, गुरुजी, पदवीधर ही भाषा केवळ विनोद नसून मालकीला संस्काराचे रूप देणारी यंत्रणा आहे. तीन, आणि ही सर्वांत महत्त्वाची, जे प्रदर्शन श्रमाची जाहिरात करते तेच वेळ येताच श्रमाचा इन्कार करण्याचे साधन बनते.

महाविद्यालयांच्या शैक्षणिक सहली आज परदेशातही जातात आणि अशा केंद्रांची नावे सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत असू शकतात. तेथे जाऊ नये, असा निर्णय घेणे सोपे आहे आणि तो घ्यावाही. परंतु विद्यार्थ्यांना तो निर्णय सांगण्याऐवजी त्यामागचे प्रश्न द्यावेत : हे पिल्लू कोठून आले? प्रयोग संपल्यावर ते कोठे जाते? त्याचे सुळे शाबूत आहेत काय? दोरी धरणाऱ्याला दिवसाला काय मिळते? आणि आपण नारळाचे दूध विकत घेतो तेव्हा यांतील कोणता प्रश्न आपण किमतीत धरतो? हे प्रश्न विचारण्यासाठी सुरत थानीपर्यंत जाण्याची गरज नाही. हत्तीची सफारी, बैलांची शर्यत, कारागिराचे 'प्रत्यक्ष काम' दाखवणारे दालन अशा कोणत्याही श्रमप्रदर्शनापुढे ते विचारता येतात.